पहिली वेलांटी एक घर मागे

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (मोठ्या भावाला असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आठ अंगांपैकी एकही अंग या क्षणी तुझ्यापुढे टेकवायची माझी इच्छा नाही.) तुझी, वहिनींची आणि तुझ्या पाठदुखीची खुशाली कळव. इकडे सगळे ठीक आहेत. आई ठीक आहे. या वाक्यावर तू नुसती नजर फिरवून पुढे जाशील म्हणून पुन्हा लिहिते: आई ठीक आहे. तिची स्मरणशक्ती ठीक आहे, हात ठीक आहेत, आणि जीभ तर इतकी ठीक आहे की काल दूधवाला फाटकातूनच परत गेला.

तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, फर्मानच ते. आईचं एकटीने राहणं आता धोक्याचं आहे, तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, पुढच्या महिन्यात तू येणार आणि तिला कायमची तुझ्याकडे घेऊन जाणार, तोवर मी तिच्या बॅगा भरायच्या आणि तिच्या घरासाठी एखादं सभ्य बिऱ्हाड शोधून ठेवायचं. ('सभ्य' हा शब्द तुझा. आजवर त्या घरात कोण राहत होतं असं तुला वाटतं?) पुरावा म्हणून तू आईने तुला पाठवलेली पत्रं मला पाठवलीस आणि त्यातल्या चुकांखाली लाल रेघा मारल्यास. दादा, ज्या बाईने तुझा हात धरून तुला अक्षरं गिरवायला लावली, तिच्या पत्रावर लाल रेघा मारायला तुझा हात धजावला कसा, हे मला समजत नाही. आता खुर्ची ओढून बस आणि हे सगळं शांतपणे वाच. मी शांत नाही, निदान तू तरी शांतपणे वाच.

सुरुवात 'ष'पासून झाली. आईच्या कीबोर्डवरचं 'ष'चं बटण दाबलं की खाली जाऊन बसायचं आणि वर यायचं नाव घ्यायचं नाही. तिची तक्रार एवढीच होती. कॉम्प्युटर जुना आहे, तो चालू करून केस विंचरून यावं तरी पडदा काळाच असतो, यातलं काही तिला खुपत नव्हतं. ती म्हणायची, त्याला उठायला वेळ लागतो, मलाही लागतो. पण 'ष' अडला की तिचं काम अडायचं. तुला विसर पडला असेल म्हणून सांगते, आपली आई टायपिस्ट आहे. होती नाही, आहे. कचेरीतली नोकरी संपली, टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, बाबा गेले, तरी लोकांचं टायपिंग घरी आणणं तिने सोडलं नाही. कुणाचे अर्ज, कुणाचा प्रबंध, कुणाच्या कविता (त्या वाईट असल्या तर ती तसं कवीला तोंडावर सांगते आणि टायपिंग मात्र निर्दोष करून देते). सध्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र तिच्याकडे आहे. ते बरेच दिवस झाले तरी अजून बालपणातून बाहेर पडलेले नाहीत. आई कागदाकडे बघते, बोटं आपली आपण चालतात, पडद्याकडे ती ढुंकूनही पाहत नाही. पडद्याकडे बघत बघत टाईप करणाऱ्याला ती टायपिस्ट म्हणतच नाही, ती त्याला 'शोधणारा' म्हणते. तर या बाईने फोनवर बोलता बोलता सहज 'ष'ची गोष्ट तुझ्या कानावर घातली.

यावर एखाद्या सरळ माणसाने काय केलं असतं? एक कीबोर्ड आणून दिला असता. पण तुझ्या अंगात ते कॉम्प्युटरचं वारं भरलेलं. तू म्हणालास, आईचं यंत्र म्हणजे पुराणवस्तू आहे, आपण तिला ते अपग्रेड करून देऊ. ('आपण' म्हणजे तू ठरवायचं आणि मी धावायचं. लहानपणी किल्ला बांधतानाही तू असाच कठड्यावर बसून माती कुठे टाकायची ते सांगायचास.) दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर एकेक सुटा भाग येऊन आदळायला लागला. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधून रक्त काढते, आणि संध्याकाळी बसमध्ये उभ्याने रॅमच्या जाती शिकते. आधी तू म्हणालास, फक्त रॅम वाढवू. मग म्हणालास, एवढी रॅम त्या मदरबोर्डवर बसत नाही, तेव्हा मदरबोर्ड बदलू. नव्या मदरबोर्डवर जुना प्रोसेसर बसत नाही, म्हणून प्रोसेसर. मग जुनी डिस्क लाज आणते, म्हणून नवी डिस्क. या सगळ्यांना जुना पॉवर सप्लाय पुरत नाही, म्हणून तो नवा. आणि ही सगळी मंडळी जुन्या डब्यात मावत नाहीत, म्हणून डबाही नवा. याला तू अपग्रेड म्हणतोस. मी तेव्हाच विचारलं होतं की मग यात जुनं काय उरलं, आणि तू हसून म्हणालास, आई. तेव्हा मीही हसले. आता तू तिलाही जागेवरून हलवायला निघालास तेव्हा मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

आणि ग्राफिक्स कार्ड? अर्ज टाईप करणाऱ्या बाईला ते कशाला लागतं, हे मी तुला तीनतीनदा विचारलं. तुझं उत्तर, असू दे, पुढे लागेल. पुढे म्हणजे कधी? आई काय निवृत्तीनंतर लढाऊ विमानं चालवणार आहे? तू दोन कार्डांमधून एक निवडायला इतके दिवस घेतलेस, तितके दिवस तू लग्नाच्या वेळी मुलगी बघायलाही घेतले नव्हतेस. (वहिनींना हे वाचून दाखव. त्यांनाही कळू दे.) शेवटी तू ते मोठं कार्ड निवडलंस, ज्याला स्वतःचे पंखे आहेत आणि जे आडवं बसवल्यावर आपल्याच वजनाने वाकतं, म्हणून खालून टेकू द्यावा लागतो. आमच्या लॅबमधलं रक्त तपासायचं यंत्र त्याच्यापेक्षा लहान आहे आणि त्याला काम आहे.

या सगळ्या वस्तू बसवायला तू मला आपल्या जुन्या दुकानदाराकडे पाठवलंस. तो अजून तोच आहे. त्याला काहीही विचारा, मान हलवून म्हणतो, होऊन जाईल. म्हणून घरात त्याचं नावच 'होऊन-जाईल' पडलं आहे. मी त्याला तुझे मेसेज दाखवले. त्याने ते वाचले, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की घरात कुणी खेळ खेळणारं आहे का. मी म्हटलं, आई टाईप करते. तो म्हणाला, होऊन जाईल. मी म्हटलं, तिच्या जुन्या टाईपरायटरसारखीच बटणं हवीत, अक्षरं जिथल्या तिथे हवीत, ती बटणं न बघता टाईप करते. होऊन जाईल. जुना प्रिंटर जोडता येईल ना? होऊन जाईल. (तो जोडता आला नाही. त्याच्या दातेरी केबलला नव्या डब्यात भोकच नाही. प्रिंटर आता कपाटावर आहे आणि त्याच्यावर आईच्या शाली आहेत.) या माणसाचा मला इतका राग येतो की एकदा त्याने रक्त तपासायला लॅबमध्ये यावं अशी माझी फार इच्छा आहे. मी म्हणेन, शीर सापडणं कठीण आहे, पण होऊन जाईल.

यंत्र घरी आलं. तू निवडलेल्या डब्याची एक बाजू काचेची आहे आणि आत पंखे आहेत आणि पंख्यांत दिवे आहेत. जांभळा, हिरवा, मग लाल, मग परत जांभळा. कीबोर्डमध्येही दिवे. आपल्या बैठकीच्या खोलीत, जिथे भिंतीवर बाबांचा फोटो आहे आणि खाली आईची सरळ पाठीची लाकडी खुर्ची, तिथे हे मांडल्यावर शेजारच्या काकू दारातून डोकावून विचारून गेल्या की दुकान टाकलं का. मी त्या डब्यावर टॉवेल टाकला. तुझं म्हणणं पडलं की टॉवेल टाकला तर तो तापेल, मग दिसायला काच कशाला घेतली? मी म्हटलं, तेच मी विचारते आहे. त्यावर तू मला (येथील शब्द गाळला) म्हणालास आणि फोन ठेवलास.

आता मुद्द्यावर येते. आईने नव्या यंत्रावर टायपिंग सुरू केलं. अक्षरं जिथल्या तिथे होती, 'ष' लोण्यासारखा चालत होता, ती खूष होती. मुख्याध्यापकांची पानं तिने झरझर उतरवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणून त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी ते पानं घेऊन परत आले. चेहरा असा, की घरात काही वाईट घडलं असावं. त्यांनी लिहिलं होतं की वर्गात माझा पहिला क्रमांक येई, कवितेने मला चकित केले, आणि पुढे एका खोडीमुळे माझे नाव मलिन झाले. छापून आलं होतं असं: 'वगार्त माझा पिहला क्रमांक येई, किवतेने मला चिकत केले, आिण पुढे एका खोडीमुळे माझे नाव मिलन झाले.' ते अतिशय सौम्यपणे म्हणाले की बाई, माझं नाव मिलन कधीच नव्हतं. मग आईला विचारलं की झोप लागते का, आणि पानं पिशवीत घालून घेऊन गेले. म्हणाले, घाई नाही, तुम्ही आराम करा. दादा, आईला आजवर कुणी आराम करा म्हटलेलं नाही. तिने पानं पुन्हा एकदा त्यांच्याकडून मागून घेतली, पुन्हा टाईप केली, नेहमीसारखी, कागदाकडे बघून, तीच बोटं, तोच वेग. पुन्हा किवता, पुन्हा मिलन, आणि पानं पुन्हा त्यांच्या पिशवीत.

त्याच दिवसांत तुला तिची पत्रं जात होती. 'मला सदीर् झाली होती, आता बरी आहे. तू मिहनाभर फोन केला नाहीस. शिनवारी कर.' तू शनिवारी फोन केलास, पण मला. मग होऊन-जाईलला केलास आणि विचारलंस की यंत्रात काही बिघाड आहे का, आणि त्या गृहस्थाने आयुष्यात पहिल्यांदा 'होऊन जाईल' न म्हणता स्पष्ट मत दिलं, की यंत्र एक नंबर आहे, आजींचंच वय झालं असावं. मग तू तुझ्या ओळखीच्या कुठल्याशा डॉक्टरांना केलास, त्यांनी इथल्या डॉक्टरांचं नाव दिलं, आणि तू मला हुकूम सोडलास की आईला ताबडतोब मेंदूच्या तपासणीला ने.

नेलं. तेही ऐक. दवाखान्याच्या भिंतीवर पाटी होती, 'स्मृति तपासणि विभाग'. आई आत जायच्या आधी त्या पाटीखाली उभी राहिली आणि मला वाटलं, आता झालं. डॉक्टर तरुण होते, आवाज मोठा करून, एकेक शब्द सुटा करून बोलत होते (आईला ऐकायला उत्तम येतं). त्यांनी विचारलं, आज कुठला वार. आईने वार सांगितला आणि म्हणाली, तुमच्या भिंतीवर गेल्या महिन्याचं पान आहे, ते फाडा, आणखी कुणाचा गोंधळ व्हायला नको. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, तिने सेकंदकाट्यासकट काढलं. मग म्हणाले, एक पूर्ण वाक्य लिहून दाखवा, कुठलंही. आईने सुरेख अक्षरात लिहिलं, 'बाहेरच्या पाटीतील पहिल्या दोन्ही शब्दांत शेवटची वेलांटी दीर्घ हवी.' डॉक्टरांनी ते वाचलं आणि कागदावर शेरा मारला की रुग्णाची चिडचिड वाढलेली दिसते, लक्ष ठेवावे. तो शेरा तुला पोचला आणि तू त्यावर आपलं फर्मान काढलंस. हाताने लिहिलेलं ते वाक्य तुझ्यापर्यंत पोचलं नाही, कारण ते तू मागितलंच नाहीस.

आता सांगते ते वाचताना मान खाली घाल. त्यानंतरच्या रविवारी मी आईकडे गेले तेव्हा ती यंत्रासमोर बसली होती. यंत्र चालू, दिवे फिरताहेत, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर. ती काही करत नव्हती. दादा, मी आईला कधी नुसती बसलेली पाहिलेली नाही. बाबा गेले त्या दिवशीही ती भांडी घासत होती. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, तू आणि दादा मिळून मला कुठे ठेवणार आहात? मी म्हटलं, काहीतरी काय बोलतेस. ती म्हणाली, 'माझे हात गेले गं. मी बरोबर टाईप करते आणि चुकीचं उमटतं. तुम्ही सगळे म्हणता तसंच असेल.' एवढंच. रडली नाही. मला मात्र इतकं रडू आलं आणि इतका राग आला की दोन्हीतलं आधी काय करावं ते सुचेना. ज्या बाईने एका वेलांटीसाठी साहेबांचं पत्र परत पाठवलं होतं, तिला आपण, तू आणि तुझे सुटे भाग आणि डॉक्टर आणि होऊन-जाईल, सगळ्यांनी मिळून स्वतःच्या बोटांवर संशय घ्यायला लावलं. याबद्दल मी तुला केव्हा क्षमा करेन ते आत्ता सांगता येत नाही.

मी म्हटलं, माझ्यासमोर टाईप कर. ती नको म्हणाली. मी खुर्ची ओढून मागे बसले आणि म्हटलं, एक शब्द. कविता. आणि यावेळी मी पडद्याकडे बघितलं नाही, तिच्या बोटांकडे बघितलं. तिने 'क' दाबला. मग वेलांटी दाबली. मग 'व'. मग 'त', मग काना. मी म्हटलं, थांब, वेलांटी 'व'च्या आधी का दिलीस? आई माझ्याकडे अशी बघायला लागली की तपासणीला आता मला न्यावं. म्हणाली, पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच असते. कुठे असते मग? दादा, खरंच आहे. डोळ्यांना ती आधीच दिसते. कागदावर लिहितानाही आपण आधी काठी उभी करतो, मग तिच्या पोटाशी अक्षर. टाईपरायटरवर ती आधी द्यायची, तिच्या जुन्या कॉम्प्युटरवरही आधी द्यायची. तिने ती जन्मभर आधीच दिली. पण या नव्या यंत्राचा हिशोब असा, की अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, कारण बोलताना ती नंतर येते. तिने 'व'साठी दिलेली वेलांटी ते निर्लज्ज यंत्र गुपचूप उचलून मागच्या 'क'ला चिकटवतं. किवता. आणि रफाराचं उलट, ती तो अक्षर झाल्यावर त्याच्या डोक्यावर ठेवते आणि यंत्र त्याला पुढच्या घरी पोचवतं. म्हणून वगार्त. म्हणून तुझी सदीर्.

घरी जाऊन मी तुझ्या लाल रेघांचे कागद काढले. पुन्हा बघ, दादा, तूही बघ, चष्मा लावून बघ. एकूण एक पहिली वेलांटी एक घर मागे गेलेली आहे. एकूण एक दुसरी वेलांटी जागच्या जागी आहे, कारण ती अक्षराच्या नंतरच द्यायची असते. एकही शब्द गाळलेला नाही, एकही नाव विसरलेलं नाही, तुझ्या पाठदुखीची चौकशीसुद्धा प्रत्येक पत्रात आहे. माणसाचा मेंदू बिघडला तर तो ऱ्हस्व-दीर्घ बघून बिघडतो का रे? एवढा साधा प्रश्न तुला पडला नाही, तुझ्या त्या डॉक्टरांना पडला नाही, आणि कार्ड निवडायला इतके दिवस घेणाऱ्या तुला आईच्या चार ओळी दोनदा वाचायला वेळ झाला नाही. अक्षरं जिथल्या तिथे लावून दिली की झालं, असं होऊन-जाईलला वाटलं. ती कुठल्या क्रमाने दाबायची असतात हे कुणी विचारलंच नाही. तू (येथील शब्द गाळला), तो (येथील तीन शब्द गाळले), आणि मी तुमच्या दोघांच्या मध्ये पिशव्या वाहत होते.

मी दुसऱ्याच दिवशी लॅब सुटल्यावर दुकानात गेले आणि काउंटरवर मूठ आपटली. (तिथे ठेवलेले तुझ्या आवडीचे दिव्यांचे माऊस उडाले. एक फुटला. तो आधीच तडकलेला होता.) मी म्हटलं, वेलांटी आधी दिली तरी बरोबर लागली पाहिजे, अशी काही सोय असते की नाही? तो म्हणाला, असते की, नुसती एक सेटिंग आहे, आधी सांगितलं असतं तर तेव्हाच करून दिली असती. मी काय बोलले ते लिहीत नाही. तो घरी आला, चहा पिऊन सेटिंग लावून गेला, जाताना आईला म्हणाला, आता होऊन जाईल. आईने ज्या नजरेने त्याला दारापर्यंत पोचवलं ती नजर तुला ओळखीची आहे.

तेव्हा आता नीट ऐक. बॅगा भरलेल्या नाहीत आणि भरल्या जाणार नाहीत. घरात बिऱ्हाड येणार नाही, सभ्यही नाही आणि असभ्यही नाही. तिच्या डोक्याबद्दल यापुढे एक शब्द काढायचा नाही. मुख्याध्यापकांना मी स्वतः जाऊन भेटले, सगळं समजावलं, आणि त्यांनी पानं परत दिली (मिलन झाल्याचं त्यांच्या नातवंडांना इतकं आवडलं आहे की ती आता त्यांना तेच म्हणतात). डॉक्टरांना तू फोन करून सांग की शेरा मागे घ्या. पाटी दुरुस्त झाली आहे, मी जाऊन पाहिली. तुझं ते कार्ड काढून तुझ्याकडे पाठवते. टेकूही पाठवते. आईला तिच्या घरातून, तिच्या खुर्चीवरून आणि तिच्या कामावरून उठवायचं असेल तर आधी मला उठवावं लागेल, आणि मी दिवसभर सुया हाताळते हे लक्षात असू दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुला काय द्यावं ते ठरलेलं नाही.

तुझी (नाइलाजाने) धाकटी बहीण

ता. क. तुझी लाल पेन्सिल काढ आणि या पत्रात एक वेलांटी चुकलेली दाखव. एक. सापडणार नाही. हे पत्र मी खोलीत येरझाऱ्या घालत तोंडाने सांगितलं आहे आणि आईने टाईप केलं आहे. त्याच यंत्रावर.

पुन्हा ता. क. होऊन-जाईलने लावलेली ती सेटिंग काढून टाकली. झालं असं, की मी दुकानात जाऊन भांडेपर्यंत या बाईने दार लावून घेऊन, वेलांटी नंतर द्यायची सवय बोटांना लावूनही घेतली होती. कुणाला पत्ता नाही. तो येऊन सेटिंग लावून गेला आणि तिचं पुन्हा सगळं बिनसलं, या वेळी दुसऱ्या बाजूने. तिने मला आणि त्याला एकत्र उभं करून जे ऐकवलं ते डॉक्टरांनी ऐकलं असतं तर शेरा बदलला असता. कुठल्या दिशेने ते सांगता येत नाही.

चि. दादास अनेक आशीर्वाद. इथून पुढच्या ओळी माझ्या, म्हणजे आईच्या आहेत. वरचा मजकूर तुझ्या बहिणीने सांगितला तसा उतरवला. काही शब्द टंकलिखित करण्याजोगे नव्हते, ते गाळले. काही गोष्टी तिने सांगितल्या नाहीत, त्या नोंदवते. तपासणीला जाताना रिक्षात तीही तुझ्याच बाजूची होती आणि वाटेत मला मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून समजावत होती. माऊस आधी तडकलेला नव्हता. कार्ड पाठवणार नाही, ते राहू दे. टॉवेल मी काढला आहे. दिवे मला आवडतात, संध्याकाळी वेगळा दिवा लावावा लागत नाही. यंत्र चांगलं आहे, मी खुर्चीत बसेपर्यंत उठतं.

पुढच्या महिन्यात तू जरूर ये. मी तुझ्याबरोबर येईन, पंधरा दिवसांसाठी. सूनबाईच्या हाताला विश्रांती मिळेल आणि मुलांची अक्षरं मला बघायची आहेत. परतीचं तिकीट आधी काढ, मग जायचं. मुख्याध्यापकांची पानं बरोबर आणीन, ते आता कॉलेजात गेले आहेत.

माझं डोकं ठिकाणावर आहे का, हे तू बहिणीला विचारलंस, दुकानदाराला विचारलंस, दोन डॉक्टरांना विचारलंस. फोन माझ्याकडेही आहे.